विश्लेषण : भूल देणारी व्यक्ती डॉक्टर नसेल तर? ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या कॉलेजात एका वर्षात काय बदलले?

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण सर्जन कोण, याची दहा ठिकाणी चौकशी करतो. भूल कोण देणार, हे मात्र क्वचितच विचारतो. ब्रिटनमध्ये हाच प्रश्न गेल्या काही वर्षांत थेट संसद, न्यायालये आणि सरकारी चौकशीपर्यंत पोहोचला. त्याला तोंड फुटले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये, भूलतज्ज्ञांच्या ‘रॉयल कॉलेज ऑफ अॅनेस्थेटिस्ट्स’ या संस्थेतील एका मतदानाने. सभासदांनी आपल्याच संस्थेच्या भूमिकेविरुद्ध कौल दिला. त्यानंतरच्या वर्षभरात ही संस्था बरीच बदलली. हा वाद नेमका काय होता, त्यातून काय निष्पन्न झाले आणि महाराष्ट्रातील डॉक्टर व रुग्णांशी त्याचा संबंध कसा येतो?

हे कॉलेज नेमके काय आहे?

नावात कॉलेज असले तरी येथे वर्ग भरत नाहीत. ही डॉक्टरांची व्यावसायिक संस्था आहे. भूलतज्ज्ञ होण्यासाठी काय शिकावे लागेल, परीक्षा कशी असेल, रुग्णालयातील सेवेचा दर्जा कसा असावा, हे ती ठरवते. ‘एफआरसीए’ ही भूलशास्त्रातील प्रतिष्ठेची परीक्षा याच कॉलेजची. १९४८ मध्ये इंग्लंडच्या सर्जन मंडळींच्या रॉयल कॉलेजात भूलतज्ज्ञांची एक शाखा म्हणून तिची सुरुवात झाली. १९८८ मध्ये कॉलेजचा दर्जा आणि १९९२ मध्ये राजसनद मिळाली. म्हणजे सर्जनच्या छत्राखालून बाहेर पडून स्वतःचे घर उभारायला भूलतज्ज्ञांना चार दशके लागली. लंडनमधील रेड लायन स्क्वेअर येथील चर्चिल हाऊसमध्ये कॉलेजचे मुख्यालय आहे.

ब्रिटनच्या रुग्णालयांत सर्वाधिक विशेषज्ञ असलेली शाखा भूलशास्त्राची आहे. शस्त्रक्रियेपुरतेच नव्हे, तर अतिदक्षता विभाग, प्रसूतिकक्ष आणि वेदनाशमन केंद्रांतही त्यांचे काम असते. त्यामुळे या कॉलेजातील वाद हा मूठभर डॉक्टरांपुरता राहत नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी काय घडले?

१६ ऑक्टोबर हा जागतिक भूलशास्त्र दिन. १८४६ मध्ये याच दिवशी अमेरिकेत बोस्टन येथे ईथर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले होते. २०२३ मध्ये या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेजला असाधारण सर्वसाधारण सभा घ्यावी लागली. ती पदाधिकाऱ्यांनी स्वतःहून बोलावलेली नव्हती. सभासदांनी सह्या गोळा करून नियमानुसार मागणी केल्यामुळे ती भरली.

सभेपुढे सहा ठराव होते आणि सहाही मोठ्या बहुमताने मंजूर झाले. सर्वात महत्त्वाचा ठराव होता ‘अॅनेस्थेशिया असोसिएट’ म्हणजे ‘एए’ या पदाचा विस्तार थांबवण्याचा. या पदाचा शिकाऊ डॉक्टरांच्या प्रशिक्षणावर काय परिणाम होतो, हे तपासल्याशिवाय नवी भरती नको, असे सभासदांचे म्हणणे होते. शिकाऊ डॉक्टरांना दर काही महिन्यांनी एका रुग्णालयातून दुसरीकडे पाठवण्याच्या पद्धतीवरही नाराजी व्यक्त झाली.

‘एए’ म्हणजे कोण?

एए हे डॉक्टर नसतात. जीवशास्त्रासारख्या विषयातील पदवीधर किंवा आधीपासून आरोग्यसेवेत काम करणारे कर्मचारी साधारण दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करून या पदासाठी पात्र होतात. भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली रुग्णाची तयारी करणे, भूल सुरू करण्यास मदत करणे आणि शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णावर लक्ष ठेवणे, ही त्यांची कामे. ब्रिटनमध्ये हे पद २००४ च्या सुमारास आले. तेव्हा त्यांना भूलशास्त्रातील ‘फिजिशियन्स असिस्टंट’, म्हणजे साहाय्यक म्हटले जाई. पुढे ‘असिस्टंट’चे ‘असोसिएट’ झाले. वरवर हा एका शब्दाचा फरक. पण साहाय्यक म्हटले की वर कोणीतरी आहे हे रुग्णाला कळते आणि असोसिएट म्हटले की कळत नाही, हा आक्षेप पुढे वादाच्या केंद्रस्थानी आला.

प्रचलित पद्धत अशी, की शेजारच्या दोन ऑपरेशन थिएटरमध्ये दोन एए आणि दोघांवर देखरेखीला एक भूलतज्ज्ञ. २०१६ च्या नियमावलीनुसार भूल देताना तज्ज्ञ प्रत्यक्ष हजर हवा आणि नंतर बोलावल्यास दोन मिनिटांत पोहोचेल इतक्या अंतरावर हवा. नव्याने पात्र झालेल्या एएंना लहान मुलांची भूल, प्रसूतीची भूल आणि नसांभोवती किंवा मणक्यात इंजेक्शन देऊन दिली जाणारी भूल या कामांपासून दूर ठेवले होते. मात्र रुग्णालयांनी स्थानिक पातळीवर यापलीकडची कामेही देण्यास सुरुवात केल्याची तक्रार होती.

मग संताप इतका का उसळला?

त्याचे मूळ दोन आकड्यांत आहे. पहिला आकडा तुटवड्याचा. कॉलेजच्याच २०२४ च्या अहवालानुसार ब्रिटनमध्ये सुमारे १,९०० भूलतज्ज्ञ कमी आहेत आणि त्यामुळे वर्षाला सुमारे १४ लाख शस्त्रक्रिया व अन्य प्रक्रिया होऊ शकत नाहीत. दुसरा आकडा २०२१ मधला. त्या वर्षी भूलशास्त्राचा पहिला टप्पा पूर्ण केलेले आणि निवडीस पात्र ठरलेले सुमारे ७०० डॉक्टर पुढच्या टप्प्यासाठी जागाच नसल्याने बाहेर राहिले.

एकीकडे तज्ज्ञ नाहीत म्हणून शस्त्रक्रिया रखडतात आणि दुसरीकडे तज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या डॉक्टरला दारातून परत पाठवले जाते. उमेदवार होते, पण प्रशिक्षणाच्या जागा वाढवायला सरकारकडून निधी येत नव्हता.

अशा वेळी जून २०२३ मध्ये एनएचएस या ब्रिटिश सरकारी आरोग्यसेवेची दीर्घकालीन मनुष्यबळ योजना आली. तेव्हा देशात एएंची संख्या २०० च्याही आत होती. ती २०३६-३७ पर्यंत २,००० वर नेण्याचे उद्दिष्ट त्यात होते. ज्यांना जागा मिळाली नाही त्या डॉक्टरांनी याचा अर्थ सरळ लावला: आम्हाला शिकवायला पैसे नाहीत, आमच्या जागी दुसरे आणायला आहेत.

शिकण्याच्या संधीचाही प्रश्न होता. भूल देणे हे हाताने शिकायचे काम आहे. श्वासनलिकेत नळी घालणे, रक्तदाब कोसळला तर काही सेकंदांत निर्णय घेणे, हे शेकडो रुग्ण हाताळल्यावरच अंगवळणी पडते. एका यादीत जितकी ऑपरेशन्स, तितकीच शिकण्याची संधी. त्या यादीवर एए असेल तर शिकाऊ डॉक्टरची पाळी जाते, ही तक्रार अनेक रुग्णालयांतून येत होती.

रुग्णांच्या बाजूने आक्षेप काय होता?

आपल्यासमोर उभी असलेली व्यक्ती डॉक्टर आहे की नाही, हे रुग्णाला कळत नाही, हा मुख्य आक्षेप. याच काळात ‘फिजिशियन असोसिएट’ या भावंड पदावरूनही वादळ उठले होते. २०२२ मध्ये लंडनमध्ये एका तरुणीचा फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून मृत्यू झाला. त्यापूर्वी दवाखान्यात तिला तपासणारी व्यक्ती डॉक्टर नसून फिजिशियन असोसिएट होती, याची तिला कल्पना नव्हती. हे प्रकरण भूलशास्त्रातले नव्हते. तरीही ‘रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे’ या मागणीला त्यामुळे धार आली.

एएंच्या बाजूने काय सांगितले गेले?

दुसरी बाजूही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडची प्रतीक्षा यादी ७७ लाखांवर गेली होती. गुडघा बदलण्यासाठी वर्षभर थांबलेल्या रुग्णासाठी आजच भूल देणारे प्रशिक्षित हात महत्त्वाचे असतात. भूलतज्ज्ञ तयार व्हायला वैद्यकीय पदवीनंतरही जवळपास नऊ वर्षे लागतात, एए दोन वर्षांत तयार होतो. अमेरिकेत आणि स्कँडिनेव्हियात विशेष प्रशिक्षित परिचारिका अनेक दशकांपासून भूल देण्याच्या कामात आहेत, याकडेही समर्थक लक्ष वेधतात.

शिवाय आधीपासून काम करणारे एए या वादात विनाकारण भरडले गेले. त्यांनी कोणाची जागा हिसकावली नव्हती. जाहिरात निघाली, त्यांनी अर्ज केला, अभ्यासक्रम पूर्ण केला. नंतर त्यांच्याच रुग्णालयात त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

मतदानानंतर कॉलेजने काय केले?

मंजूर झालेले ठराव सरकारवर बंधनकारक नव्हते. एनएचएसमध्ये कोणाची भरती करायची, हे कॉलेज ठरवत नाही. पण कॉलेजला आपली भूमिका बदलावी लागली. या पदाच्या उभारणीत सुरुवातीपासून सहभागी असलेल्या संस्थेने विस्तार थांबवण्याची भूमिका घेतली. सभासदांची मते मागवली गेली आणि एएंनी काय करावे व काय करू नये, याची नवी चौकट लिहायला घेतली.

ही चौकट डिसेंबर २०२४ मध्ये तात्पुरत्या स्वरूपात जाहीर झाली. पात्र झाल्यानंतर सुरुवातीला निकट देखरेख आणि अनुभवानुसार पुढचे टप्पे, अशी तिची रचना आहे. स्थानिक पातळीवर मनाला येईल तशी कामे वाढवण्याच्या प्रथेला आळा घालणे, हा त्यामागचा हेतू.

दरम्यान मार्च २०२४ मध्ये एएंना कायद्याच्या कक्षेत आणणारा आदेश संमत झाला आणि १३ डिसेंबर २०२४ पासून जनरल मेडिकल कौन्सिलने त्यांची नोंदणी सुरू केली. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेनेच डॉक्टर नसलेल्यांचीही नोंदणी केली तर गोंधळ वाढेल, असे विरोधकांचे म्हणणे होते. समर्थकांच्या मते, वीस वर्षे कोणत्याही वैधानिक नियंत्रणाविना चाललेल्या पदाला शिस्त लागली. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे.

नेतृत्वही बदलले. २०२१ पासून अध्यक्ष असलेल्या डॉ. फिओना डोनाल्ड यांच्यानंतर २०२४ मध्ये डॉ. क्लेअर शॅनन यांनी सूत्रे हाती घेतली.

या वर्षात केवळ वादच झाले का?

नाही. सभेनंतर महिनाभरातच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, कॉलेजच्या सातव्या राष्ट्रीय पाहणीचा म्हणजे ‘नॅप-७’चा अहवाल आला. भूल दिल्यानंतर हृदय बंद पडण्याच्या घटनांचा हा अभ्यास. जून २०२१ पासून वर्षभर ब्रिटनमधील एनएचएस रुग्णालयांनी अशा प्रत्येक घटनेची माहिती नाव न देता कळवली. वर्षाला अंदाजे २७ लाख वेळा भूल दिली जाते आणि त्यात ८८१ घटना नोंदल्या गेल्या. म्हणजे साधारण ३,००० रुग्णांमागे एक. सर्वात मोठे एकच कारण होते मोठा रक्तस्राव.

या पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. ऑपरेशनच्या टेबलावर येणारा रुग्ण बदलला आहे. पूर्वीच्या पाहण्यांच्या तुलनेत आजचा रुग्ण अधिक वयाचा, अधिक वजनाचा आणि एकाच वेळी अनेक आजार असलेला आहे. एएंच्या वादाशी याचा थेट संबंध आहे. ‘साध्या केसेस एएंकडे, अवघड डॉक्टरांकडे’ हे कागदावर सोपे वाटते, पण साध्या केसेसच कमी होत असतील तर हे गणित जुळत नाही.

या पाहण्या कॉलेजची सर्वात मोलाची कमाई मानल्या जातात. ऑपरेशन चालू असताना रुग्णाला जाग येण्याचे प्रमाण सुमारे १९,००० मध्ये एक आणि जीवघेण्या अॅलर्जीचे प्रमाण सुमारे १०,००० मध्ये एक, हे आकडे अनुक्रमे २०१४ आणि २०१८ मधल्या अशाच पाहण्यांतून आले. जगभरातील भूलतज्ज्ञ रुग्णाला धोका समजावताना आज ते वापरतात.

डेस्फ्लुरेन बंद होण्याचा विषय काय आहे?

डेस्फ्लुरेन हा भूल देण्यासाठी वापरला जाणारा वायू. त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट आहे. एनएचएसच्या हिशेबानुसार त्याची एक बाटली वापरणे म्हणजे ४४० किलो कोळसा जाळण्यासारखे आहे. सेवोफ्लुरेनसारखे कमी घातक पर्याय हाताशी असल्याने स्कॉटलंडने मार्च २०२३ मध्ये त्याचा नेहमीचा वापर बंद केला. इंग्लंडने २०२४ च्या सुरुवातीला तेच केले. अपवाद फक्त विशेष गरजेचा. कॉलेजने या निर्णयाला पाठिंबा दिला होता. या बदलात फारसा वाद झाला नाही, कारण रुग्णाची सुरक्षितता कमी होत नव्हती.

पुढे सरकारने काय ठरवले?

नोव्हेंबर २०२४ मध्ये आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी प्राध्यापक जिलियन लेंग यांच्याकडे या दोन्ही पदांचा स्वतंत्र आढावा सोपवला. १६ जुलै २०२५ रोजी आलेल्या त्यांच्या अहवालात १८ शिफारशी होत्या. ही पदे रद्द करण्याची शिफारस त्यात नाही. उपलब्ध पुराव्यांवरून ती सर्वस्वी सुरक्षित ठरवता येत नाहीत आणि सर्वस्वी धोकादायकही ठरवता येत नाहीत, असा सूर आहे. मात्र नाव बदलण्याची शिफारस ठळक आहे. ‘असोसिएट’ जाऊन पुन्हा ‘असिस्टंट’ यावे, असे लेंग यांनी सुचवले. म्हणजे वीस वर्षांपूर्वी जिथून सुरुवात झाली, तिथेच नाव परत आले.

भूलशास्त्राबाबत लेंग यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. या साहाय्यकांनी कॉलेजच्या तात्पुरत्या चौकटीत राहूनच काम करावे. सभासदांनी सह्या गोळा करून सभा बोलावली नसती, तर ही चौकट इतक्या लवकर लिहिली गेली असती का, हा प्रश्न रास्त आहे.

मराठी डॉक्टरांचा याच्याशी संबंध काय?

भूलशास्त्रात एमडी किंवा डीएनबी केलेले महाराष्ट्रातील अनेक डॉक्टर पुढील अनुभवासाठी ब्रिटनला जातात. त्यातील एक वाट ‘मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह’ या योजनेची. परदेशी डॉक्टरने जास्तीत जास्त दोन वर्षे एनएचएसमध्ये प्रशिक्षण घ्यायचे आणि मायदेशी परतायचे, अशी ती आहे. भूलशास्त्रासाठी तिचे काम हेच कॉलेज पाहते. तिथे कायम राहू इच्छिणाऱ्यांना मात्र प्रशिक्षणाच्या त्याच मोजक्या जागांसाठी स्पर्धा करावी लागते. जुलै २०२५ मधील दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात ब्रिटनमध्येच शिकलेल्या आणि एनएचएसमध्ये बराच काळ काम केलेल्या डॉक्टरांना प्राधान्य देण्याची घोषणा झाली आहे. त्यामुळे तिकडे जाण्याचा विचार करणाऱ्यांनी जागांचे गणित आधी पाहणे गरजेचे आहे.

भारतात भूल कोण देऊ शकतो?

आपल्याकडे भूल देणे हे डॉक्टरचेच काम मानले जाते. एमडी, डीएनबी किंवा डीए ही त्यासाठीची नेहमीची पात्रता. तज्ज्ञांचा तुटवडा मात्र इथेही आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एकच भूलतज्ज्ञ सकाळी एका नर्सिंग होममध्ये सिझेरियन, दुपारी दुसरीकडे हर्निया आणि रात्री तिसरीकडे अपघाताची केस करतो, हे चित्र अनोळखी नाही. ग्रामीण भागात तातडीच्या सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ मिळत नाही म्हणून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचे जीवरक्षक भूल प्रशिक्षण देण्याची योजना आणली. म्हणजे तुटवड्यावर कमी कालावधीच्या प्रशिक्षणाचा उपाय भारतानेही केला, पण तो डॉक्टरांपुरता ठेवला.

२०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात भूल तंत्रज्ञ आणि फिजिशियन असोसिएट या दोन्ही व्यवसायांचा समावेश आहे. तंत्रज्ञ यंत्रे, वायू आणि साहित्य सांभाळून भूलतज्ज्ञाला साथ देतो. ऑपरेशन थिएटरमध्ये त्याच्यावाचून पान हलत नाही, पण तो भूलतज्ज्ञाला पर्याय नाही. त्यांच्या कामाच्या सीमा आत्ताच स्पष्ट लिहिल्या, तर ब्रिटनला वीस वर्षांनी करावी लागलेली दुरुस्ती टळू शकते.

रुग्णाने काय विचारावे?

ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञाची भेट आधी होणे अपेक्षित आहे. त्या वेळी चार प्रश्न विचारता येतात.

• मला भूल कोण देणार आणि त्यांची पात्रता काय?

• ऑपरेशन संपेपर्यंत ते माझ्याजवळ असतील का?

• माझे वय, वजन, मधुमेह, रक्तदाब, दमा पाहता मला कोणता धोका अधिक आहे?

• शुद्धीवर आल्यानंतर माझ्यावर लक्ष कोण ठेवणार?

हे विचारणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास नव्हे. चालू असलेली औषधे, पूर्वी भूल दिली असताना झालेला त्रास, हलणारे दात, शेवटचे कधी खाल्ले ही माहिती त्याच भेटीत न लपवता सांगावी. भूल चढल्यानंतर रुग्ण काहीच सांगू शकत नाही. तोवर त्याचा श्वास उशाशी बसलेल्या व्यक्तीच्या हाती असतो.